रामायण-महाभारत कुणाच्या तोंडून सांगायचं? या चुका टाळा

महाकाव्यातली गोष्ट नव्याने लिहायला बसलं की आधी डोळ्यांपुढे येतात अन्याय झालेली माणसं. कर्ण, उर्मिला, गांधारी. लगेच 'मी उर्मिला' असं पहिलं वाक्य कागदावर उतरतं. गाडी इथेच रुळावरून घसरते. कुणाचा कळवळा येतो, यावरून निवेदक ठरवू नका. प्रसंग घडला तेव्हा तो कुठे होता, त्याच्या कानावर काय आलं आणि काय आलंच नाही, ते आधी बघा.

परभणीत आम्ही काही लिहिणारी मंडळी महिन्यातून एकदा जमतो आणि एकमेकांचं लिखाण वाचतो. माझ्या उर्मिलेने शूर्पणखेचा प्रसंग डोळ्यांदेखत घडल्यासारखा रंगवला होता. गटातल्या एका काकूंनी शांतपणे विचारलं, "हे हिला कुणी सांगितलं?" मला उत्तर सुचेना. वाल्मीकींच्या युद्धकांडात चौदा वर्षं संपताना हनुमान नंदिग्रामात येतो आणि भरताला वनवासाची हकिकत सांगतो. तोवर अयोध्येत बसलेल्या उर्मिलेला शूर्पणखा कशी कळणार? इतकी वर्षं काही बातमी न येणं, हाच तिच्या गोष्टीचा जीव होता. तोच मी घालवला होता.

द्यूतसभेवर लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे सगळ्यांच्याच मनात शिरावंसं वाटतं, मग एका परिच्छेदात द्रौपदीचा संताप, भीष्मांची घालमेल आणि दुर्योधनाचा आनंद असं सगळं कोंबलं जातं. वाचक कुणाजवळच थांबत नाही. वेरूळच्या कैलास लेण्यात महाभारताचे प्रसंग भिंतीवर एकाखाली एक कोरलेत, तिथे एका नजरेत सगळा पट दिसतो. गद्यात एका वेळी एकच वाक्य वाचलं जातं, म्हणून प्रसंगात कुणा एकाजवळ बसावं लागतं.

धृतराष्ट्राजवळ बसून पाहा. त्याला फासे दिसत नाहीत, फक्त आवाज येतो. प्रत्येक डावानंतर शकुनीचं "जिंकलं". द्रौपदी पणाला लागते तेव्हा सभेतली वडीलधारी माणसं धिक्कार करतात आणि हा म्हातारा आतुरतेने विचारत राहतो, "जिंकलं का? जिंकलं का?" राजाचा लोभ दाखवायला याहून वेगळं वाक्य लागत नाही. मात्र द्रौपदीच्या महालातलं काही हवं असेल तर धृतराष्ट्र चालणार नाही. तिथे प्रातिकामी घ्या, म्हणजे दुर्योधनाने द्रौपदीकडे धाडलेला सेवक. "आधी स्वतःला हरलात की मला?" हा तिचा प्रश्न सभेत घेऊन येणारा सूत तोच. दोन्हीकडे त्याचं जाणं-येणं आहे, आणि भीमाची धास्ती असल्याने तो अवघडलेलाही आहे. मला तर द्यूतपर्वात याच्याइतका चांगला निवेदक दुसरा दिसत नाही.

तीन-चार निवेदक घेतले असतील तर नावं झाकून वाचा. कोण बोलतंय ते ओळखू आलं नाही तर बोली बदला, नाहीतर निवेदक कमी करा. कुंतीच्या तोंडी आपल्याकडचं 'कामून' (म्हणजे 'का') घालायचं असेल तर जरूर घाला, पण मग ती शेवटपर्यंत तशीच बोलली पाहिजे.

निवेदक बरोबर आहे तरी लिखाण कोरडं वाटतंय? बहुतेक वेळा ऐकणारा ठरलेला नसतो. महाभारतात तो कायम ठरलेला आहे. वैशंपायन जनमेजयाला त्याच्याच पूर्वजांची कथा सांगतो. संजय दहाव्या दिवसानंतर रणावरून धृतराष्ट्राकडे येतो, आधी भीष्म पडल्याचं सांगतो आणि मग युद्ध पहिल्यापासून सांगायला लागतो. बापाला आधी ती एकच बातमी हवी असते.

मराठवाड्यातल्या बायांनी जात्यावर सीतेचा वनवास गायला तो समोर खुंट्याला हात लावून बसलेल्या बाईसाठी. तिथे सीतेला आपली बाजू पटवून द्यावी लागत नाही, ऐकणारीला ते दुःख ठाऊकच असतं. माझी उर्मिला आधी वाचकांपुढे कैफियत मांडत होती. आता ती मांडवीशी बोलते. मांडवीचा नवरा भरत नंदिग्रामात, हिचा लक्ष्मण अरण्यात. पहिल्या पानावर दोघी तांदूळ निवडताहेत, आणि शूर्पणखेचं नाव अजून कुणालाच माहीत नाही.