"अमुक देशाने इतके अब्ज डॉलर दिले" ही बातमी वाचायची कशी?

आधी आकडा सोडा. खरंच. अब्ज वाचलं की आपण पुढचं काही बघतच नाही, आणि खरी गोष्ट पुढेच असते.

पहिला प्रश्न, दिलंय म्हणजे नक्की काय दिलंय? ग्रँट, कर्ज, क्रेडिट लाइन, बातमीत सगळ्याला "मदत"च म्हणतात. ग्रँट परत करायची नसते. क्रेडिट लाइन म्हणजे उधारीची मर्यादा, आणि बऱ्याचदा त्यात अट असते की माल आमच्याच देशातून घ्या, म्हणजे पैसा फिरून त्यांच्याच कंपन्यांकडे जातो. (यात चूक काही नाही, फक्त दानधर्म म्हणू नका.)

कर्ज असेल तर व्याज, मुदत, सवलतीचा काळ आणि करन्सी, चारही बघा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं जपानी कर्ज ठरलं तेव्हा व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं परतफेड नाही. जवळजवळ फुकटच वाटतं ना? पण कर्ज येनमध्ये, म्हणजे येन महागला की हप्ता महागला, आणि गाडी जपानच्याच शिंकानसेन तंत्रज्ञानाची. एकदा ती सिस्टिम घेतली की पुढची कित्येक वर्षं संबंध राहणारच, जपानची खरी कमाई व्याजात नाहीच्चे.

मग वाद झालाय का ते शोधा. श्रीलंकेतलं, चीनच्या कर्जातून बांधलेलं हंबनटोटा बंदर घ्या. २०१७ मध्ये श्रीलंकेने ते ९९ वर्षांच्या लीजवर चिनी कंपनीला दिलं, १.१२ अब्ज डॉलरला. "कर्ज फिटेना म्हणून बंदर गेलं" असं सगळे सांगतात पण ते पैसे बंदराच्या कर्जात वळते झाले नाहीत, श्रीलंकेच्या परकीय गंगाजळीत गेले आणि कर्ज तसंच राहिलं. तरी चीनची इमेज जी खराब व्हायची ती झालीच, कारण लोक करार वाचत नाहीत, गोष्ट ऐकतात.

इथेच मेख आहे. सॉफ्ट पॉवर (धाक न दाखवता दुसऱ्या देशाला आपल्याकडे ओढायची ताकद) हा शब्द १९९० मध्ये अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी आणला, आणि त्यांच्या मांडणीत पैसे देऊन काम करून घेणं सॉफ्ट पॉवरमध्ये येतच नाही, त्यात येतं आकर्षण. म्हणून पैसा पोचल्यावर तिथल्या साध्या माणसाला काय दिसतं ते बघा. अफगाणिस्तानात हेरातजवळचं सलमा धरण भारताने बांधून दिलं, २०१६ ला उद्घाटन, नावच अफगाण-भारत मैत्री धरण. ४२ मेगावॅट वीज आणि शेताला पाणी. २०२१ ला सत्ता पालटली, धरण तिथेच आहे.

आणि छोट्या बातम्या सोडू नका. भारताचा आयटेक कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे, परदेशातले अधिकारी इथे येऊन ट्रेनिंग घेतात, खर्च भारताचा. हेडलाइन कधीच होत नाही. पण त्यातला एखादा दहा वर्षांनी त्याच्या देशात टेंडरच्या टेबलावर बसलेला असतो.