सामू शिकवताना सिम्युलेशन कसे वापरावे

सामू म्हणजे पीएच, द्रव किती आम्ल किंवा आम्लारी आहे ते सांगणारा आकडा. सामू ३ आणि सामू ४ यांत हायड्रोजन आयनांचा फरक एकाचा नसून दहापटीचा आहे, हे फळ्यावर कितीही वेळा लिहिले तरी मुलांच्या पचनी पडत नाही. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली मांडलेली ही श्रेणी लॉगॅरिथमवर उभी आहे आणि नववीत लॉगॅरिथम शिकवलेले नसते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातले ‘पीएच स्केल’ हे मोफत सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचा आभासी प्रयोग, ही अडचण एका तासिकेत सोडवते.

फाइल आदल्या दिवशीच डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घ्या. शाळेतल्या इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. फाइल ब्राउझरमध्ये उघडते आणि नेट नसले तरी चालते. एकच संगणक आणि प्रोजेक्टर असला तरी पुरे.

‘मॅक्रो’ हा पहिला भाग उघडून संत्र्याचा रस निवडा. चंचुपात्रात ०.५० लीटर रस येतो. मीटरचा प्रोब द्रवात बुडवा, नाहीतर आकडा दिसणारच नाही. सामू ३.५० येईल. आता थांबा. तेवढेच पाणी घातले तर सामू किती होईल, हे प्रत्येकाने वहीत लिहायचे. बरीच मुले ७ लिहितात, काही १.७५. लिहून झाल्याशिवाय नळाला हात लावू नका. आकडा आधी दिसला की ‘मला माहीत होतं’ सुरू होते. मग पाणी १.०० लीटरपर्यंत भरा. मीटर ३.८० दाखवतो आणि वर्ग चक्रावतो.

आता पुन्हा रस निवडा, खालच्या नळाने ०.१० लीटर उरेपर्यंत काढून टाका आणि १.०० लीटरपर्यंत पाणी भरा. सामू ४.५०. दहापट विरल, एक अंक. नळाची मूठ थोडीच ओढा, पूर्ण ओढली तर द्रव झटकन निघून जातो. ०.०९ वर थांबलात तरी बिघडत नाही, पाणी ०.९० पर्यंत भरा.

एवढ्यावर थांबलात तर मुले ‘पाणी घातले की सामू वाढतो’ असे पाठ करतील. म्हणून तीच कृती नाली साफ करण्याच्या द्रवावर करा: १३ वरून १२. दोन्हीकडून ओढ पाण्याच्या ७ कडेच आहे, आणि नुसते पाणी घालून ७ ओलांडता येत नाही. (यादीत उलटीही आहे, सामू २. हसू द्या, जठरातले आम्ल त्यांना आयुष्यभर लक्षात राहील.)

शेवटची दहा मिनिटे खऱ्या चंचुपात्रासाठी ठेवा. गाळलेला १० मिली लिंबाचा रस ९० मिली पाण्यात मिसळा आणि आधीचा व नंतरचा सामू पीएच कागदाने तपासा. रंग एक पूर्ण अंक सरकत नाही, बऱ्याचदा जवळजवळ तसाच राहतो. प्रयोग चुकलेला नाही. सिम्युलेशन रसातले हायड्रोजन आयन पाण्यात फक्त वाटून टाकते. सायट्रिक आम्ल मात्र सौम्य आहे. त्याचे बरेचसे रेणू अविघटितच असतात आणि पाणी वाढले की त्यांतले आणखी काही आयन सोडतात. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे विरल द्रावण घेतले, तर कागद सिम्युलेशनप्रमाणेच एक अंक सरकतो. शक्य असेल तर दोन्ही चंचुपात्रे शेजारी ठेवूनच तपासा.