मुलांच्या शिबिरासाठी गाईड नेमताना : नोंदणी, परवानगी आणि पोलीस पडताळणी

मी भंडारदरा-कळसूबाई भागात शाळेच्या मुलांची निसर्ग शिबिरं घेते. या कामात नव्याने उतरणाऱ्यांचे फोन येतात, आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : “ताई, गाईडचं लायसन्स कुठे काढायचं?” सगळं भागवणारं असं एक लायसन्स नाही. संस्थेची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, कौशल्याचा दाखला प्रशिक्षण संस्था देते, जंगलात शिरायची परवानगी वनविभागाची आणि माणसाची पडताळणी पोलिसांची. यातला एक कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. चढाईचं प्रमाणपत्र दाखवून “आमचा माणूस तपासलेला आहे” असं पालकांना सांगणं तर सरळ चूक आहे.

नोंदणीपासून सुरुवात करा. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींतल्या साहसी पर्यटनासाठी धोरण आणलं. त्यात नोंदणी आयोजकाची होते : आधी तात्पुरती, मग तपासणी होऊन अंतिम. आमचा भाग अहिल्यानगर जिल्ह्यात येत असला तरी पर्यटन संचालनालयाचं प्रादेशिक कार्यालय नाशिकला आहे, तिथे जावं लागतं. प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार, विमा, साधनं आणि अपघात झाला तर सुटकेची काय तयारी आहे, हे सगळं कागदावर तयार ठेवा.

कौशल्याच्या बाबतीत ‘बेसिक’ झालेला म्हणजे मुलांना नेऊ शकणारा, असं समजू नका. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली इथल्या गिर्यारोहण संस्थांचा बेसिक कोर्स माणसाला स्वतः डोंगरात नीट वावरायला शिकवतो. दुसऱ्याला शिकवायचा कोर्स वेगळा आहे, ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ नावाचा, आणि तो बेसिकच्या पुढच्या ‘अ‍ॅडव्हान्स’ कोर्सनंतर करता येतो. दोर लावून काही करणार असाल तर हे पाहाच. प्रमाणपत्राची नुसती झेरॉक्स घेऊ नका. त्यावरचा क्रमांक त्या संस्थेला ईमेल करून खात्री करून घ्या. प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राला मुदत असते, तीही बघा. उलट बाजूही सांगते. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावच्या वाटेवर लहानपणापासून गुरं वळलेल्या माणसाइतका हा डोंगर कोणत्याच कोर्सवाल्याला कळत नाही. पावसाळ्यात कुठली ओहोळ किती वेळात चढते हे त्याला विचारा. त्याला वगळू नका, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण तुमच्या खर्चाने द्या.

वनविभागाचं थोडक्यात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ इथे लागू आहे. नाक्यावर फाडलेली पावती प्रवेशाची असते. मुक्काम करायचा असेल, काजव्यांसाठी रात्री जंगलात जायचं असेल, तर वन्यजीव विभागाला आधी पत्र देऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता पडताळणी. मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते हेच, कारण इथेच लोक घाई करतात.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याखाली २०२० साली नवे नियम आले. त्यातला तिसरा नियम वाचाच. मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थेने आपल्या प्रत्येक माणसाची, तो शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, वेळोवेळी पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी करायची आहे. म्हणजे एकट्या गाईडची करून भागत नाही. तंबू लावणारी पोरं, स्वयंपाकाच्या मावशी, मुलांना आणणारा गाडीचा ड्रायव्हर हे सगळे यात धरा. ड्रायव्हर ट्रॅव्हल कंपनीचा असतो म्हणून सुटून जातो. त्या कंपनीकडून ड्रायव्हरच्या नावानिशी पडताळणीची प्रत मागून घ्या, आणि ऐनवेळी दुसरा ड्रायव्हर पाठवायचा नाही हे आधीच ठरवा.

पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन होतो. फोटो, सही, ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा, वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, आणि नोकरीसाठी पडताळणी हवी असल्याचं तुमच्या संस्थेचं पत्र, एवढं जवळ ठेवून बसा. गाडी अडते ती नावावर. आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरं, वडिलांचं नाव एका ठिकाणी ‘बाळू’ आणि दुसरीकडे ‘बाळासाहेब’. हे अर्ज भरण्याआधी जुळवून घ्या, लागलं तर प्रतिज्ञापत्र करा. माणूस जिथे राहतो तिथल्या पोलिसांकडे अर्ज जातो. आमच्याकडची काही पोरं हिवाळ्यात नाशिकला कंपनीत कामाला असतात, त्यांनी तोही पत्ता लपवू नये. वाडीवर रेंज नसते, त्यामुळे आलेला मेसेज चार दिवसांनी दिसतो. अर्ज क्रमांक तुमच्याकडेही लिहून ठेवा आणि तुम्हीच पाठपुरावा करा. काजव्यांचा मोसम मेअखेर सुरू होतो, म्हणून मी हे काम मार्चमध्येच हातात घेते.

पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं की माणूस एकट्याला पाठवू नका. या भागात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. ठाण्याची पायरी चढायची वेळ आली की घरातले घाबरतात, आणि पोलीस दारात आले की अख्खी वाडी विचारते, “काय केलं ह्यानं?” मी आधी घरी जाऊन आईवडिलांना समजावते की ही तपासणी सगळ्यांची होते, माझीही झाली आहे, आणि माझा कागद दाखवते. मग राजूरच्या ठाण्यात सोबत जाते. ज्याच्यावर आपण आपली मुलं सोपवणार, त्याचा मान आधी आपण राखायला हवा.

कागद हातात आला की तो काय सांगतो हे नीट वाचा. त्या तारखेपर्यंत पोलिसांच्या नोंदीत काय सापडलं किंवा सापडलं नाही, एवढंच तो सांगतो. ज्याची तक्रार कधी झालीच नाही ते त्यात येणार नाही. म्हणून नियमात पार्श्वभूमीची तपासणी हे शब्द वेगळे आहेत, आणि ते काम आपलं आहे. आधी ज्यांच्याकडे त्याने काम केलं त्यांना फोन करा. “कसा आहे?” विचारलंत तर “चांगला आहे” एवढंच उत्तर येतं. “काम का सोडलं? पुन्हा बोलावलंत का? मुलींच्या गटाबरोबर पाठवलंत का?” असं विचारा आणि उत्तर द्यायला लागणारा वेळही ऐका. गावच्या पोलीस पाटलांना भेटा. त्यांचं पत्र पोलीस पडताळणीच्या जागी चालणार नाही, पण माणसाची माहिती त्यांना असते. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी इंटरनेटवर शोधण्यात वेळ घालवू नका. २०१८ पासूनची ती यादी फक्त तपास यंत्रणांना बघता येते.

नोंद सापडली तर? मुलांविरुद्धचा, बाईविरुद्धचा, मारहाणीचा गुन्हा असेल तर माझ्याकडे चर्चा नाही. पण बांधावरून झालेलं भांडण, आंदोलनातली केस, यावरून एखाद्याची रोजीरोटी बंद करणं मला पटत नाही. गुन्हा नोंदला जाणं आणि सिद्ध होणं वेगळं. त्याचं म्हणणं ऐका, निर्णय घ्या आणि कारणासहित लिहून ठेवा.

आधारच्या प्रती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. आधीचे आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करता येतं, तेच फाइलला लावा. शाळेने पडताळणी मागितली तर नाव, कागदाची तारीख आणि क्रमांक यांची यादी द्या. घरचा पत्ता आणि आधार पालकांपर्यंत जायचं कारण नाही. पडताळणी दर वर्षी नव्याने करा. नियमात महिने दिलेले नाहीत, पण आमचा मोसम वर्षातून एकदा फिरतो, तेव्हा हिशेब सोपा राहतो.

शिबिरात मात्र असं वागा की कुणाचीच पडताळणी झालेली नाही. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर तंबूत, गाडीत किंवा पाणवठ्यावर नको, नेहमी दोघे. मुलींच्या गटाला बाई गाईड हवीच. वाडीतल्या मुली हे काम उत्तम करतात, त्यांना तयार करा. मुलांचे फोटो गाईडच्या स्वतःच्या फोनवर नकोत. गाईडचा धाकटा भाऊ “सोबत येतो” म्हणाला आणि तो अठराच्या आत असेल तर प्रेमाने घरी पाठवा.

आणि एखाद्या मुलाने काही सांगितलं, किंवा तुम्हाला नुसता संशय आला, तर आधी आपल्यातच चौकशी करू नका. पॉक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवलेलं खोटं ठरलं तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा, हे दोन्ही नंबर प्रत्येक तंबूत मुलांना वाचता येतील अशा अक्षरात लावा, आणि पहिल्याच संध्याकाळी, जेवणाआधी, ते कशासाठी आहेत हे मुलांना सांगा. गाईडही तेव्हा तिथेच बसलेले असू द्या.