नाल्याच्या गाळातला किरणोत्सार: नमुना घेण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

विदर्भात अणुभट्टी नाही. औष्णिक वीज केंद्रं मात्र कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर अशी बरीच आहेत, आणि कोळसा जळला की राख साठवायला बंधारा लागतोच. बंधाऱ्याखालच्या नाल्यात राखाडी गाळ दिसू लागला की गावात प्रश्न उठतात. हे पाणी ढोरांना पाजावं का? हा गाळ वावरात टाकावा का? यात किरणोत्सार आहे का?

तपासायची पद्धत बंद केलेल्या अणुभट्टीजवळच्या ओढ्यासाठी वापरतात तीच. फरक एका गोष्टीचा आहे आणि तो आधीच समजून घ्यावा. मुंबईत ट्रॉम्बेची सायरस ही संशोधन अणुभट्टी 31 डिसेंबर 2010 रोजी कायमची बंद झाली. अशा भट्टीच्या परिसरात शोधायची ती भट्टीत तयार होणारी किरणोत्सारी द्रव्यं: सीझियम-137, कोबाल्ट-60, स्ट्रॉन्शियम-90 आणि ट्रिटियम. कोबाल्ट-60 मातीत मुळात नसतोच, त्यामुळे तो गाळात सापडणं हाच पुरावा. राखेतून येतात ते युरेनियम, थोरियम, रेडियम आणि पोटॅशियम-40, आणि हे सगळे आपल्या मातीत आधीपासून आहेत. म्हणून राखेच्या नाल्यात एकटा आकडा काहीच सांगत नाही. वरच्या अंगाच्या, राख न पोचलेल्या गाळाचा आकडा शेजारी ठेवला तरच त्याला अर्थ येतो. पुढची सगळी खटपट ही तुलना खरी ठरावी म्हणून आहे.

जागा कशा निवडाव्यात

निदान सहा जागा घ्या. दोन वरच्या अंगाला, राखेचं पाणी नाल्याला येऊन मिळतं तिथून 500 मीटर किंवा जास्त वर. एक मिळणीच्या ठिकाणी. तीन खाली, साधारण 200 मीटर, 1 किलोमीटर आणि 3 किलोमीटरवर. खालच्या जागा डोहात किंवा वळणाच्या आतल्या काठाला हव्यात, जिथं पाणी मंदावतं आणि बारीक गाळ बसतो. खळाळत्या पाण्याखालची रेती घेतली तर आकडा हमखास कमी येतो, कारण किरणोत्सारी द्रव्यं चिकटतात ती मुख्यतः चिकणमातीच्या कणांना. सीझियमचं तर विशेषच.

इथं दगडाचं भान ठेवा. यवतमाळ, अमरावतीकडचा काळा बेसाल्ट युरेनियम-थोरियममध्ये गरीब. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचे ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) त्या मानानं श्रीमंत. नागपूर या दोन्हींच्या सीमेवर. नाला एका खडकावरून दुसऱ्यावर उतरत असेल, तर वरचा नमुना बेसाल्टचा आणि खालचा ग्रॅनाइटचा येतो आणि राख नसतानाही आकडा वाढलेला दिसतो. अशा वेळी खालच्याच खडकावरून येणारा, राखेशी संबंध नसलेला शेजारचा नाला सातवी जागा म्हणून घ्या. काठाला काळी, हाताला जड लागणारी रेती जमली असेल तर ती टाळा. जड खनिजं तिथं एकवटलेली असतात आणि थोरियम उगाच जास्त दिसतं.

हातातल्या गायगर मीटरवर (किरणोत्सार मोजायचं छोटं यंत्र) विसंबू नका. तो नाल्याकाठी ताशी 0.1 मायक्रोसिव्हर्टच्या (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचं एकक) आसपास दाखवतो आणि मिनिटामिनिटाला वरखाली होतो. गाळात किलोमागे 20 बेक्रेल (एक बेक्रेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन) सीझियम असलं तरी त्यानं होणारी वाढ या हेलकाव्यात बुडून जाते. मीटर फक्त जागा निवडायला वापरा: जमिनीपासून 1 मीटर उंच, 10 मिनिटं स्थिर धरून सरासरी. तो काही दाखवत नाही म्हणजे नाला स्वच्छ, असा निष्कर्ष काढायचा नाही.

गाळ काढणं

पावसाळा संपून पाणी उतरलं की, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पहिली फेरी. दुसरी एप्रिल-मे मध्ये. पूर येऊन गेल्यावर लगेच जाऊ नका, गाळ अजून बसलेला नसतो.

खालच्या जागेपासून सुरुवात करून वर चढत जा. वरून खाली आलात तर तुमच्याच पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात जातो. प्रत्येक जागी 5 मीटरच्या आत पाच ठिकाणांहून वरचा 5 सेंटीमीटर थर प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या स्वच्छ डावानं घ्या, घमेल्यात एकत्र कालवा आणि त्यातला 2 किलो ओला गाळ पिशवीत भरा. दोन पिशव्या, एकात एक. चिठ्ठी पेन्सिलनं लिहून दोन पिशव्यांच्या मधे ठेवा. शाईची चिठ्ठी ओलीनं पुसते आणि तो नमुना वाया जातो. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि एक फोटो. दर जागेनंतर डाव आणि घमेलं नाल्याच्याच पाण्यानं धुवा.

एका तरी डोहात खोल नमुना काढा. 50 मिलिमीटर व्यासाचा, 50 सेंटीमीटर लांब पीव्हीसी पाइप गाळात उभा दाबा, वर झाकण घट्ट बसवा, हळूहळू वर ओढा आणि खालचं तोंड बुडाशी हात घालून बंद करा. वरचं झाकण सैल राहिलं तर गाळ पाइपातून निसटतो. घरी आल्यावर पाइप आडवा धरून करवतीनं लांबीत चिरा. काळ्या चिकट गाळात बोटभर जाडीचा राखाडी पट्टा दिसला तर राख कधीतरी लोंढ्यानं आली होती असं समजा. तो पट्टा वेगळा आणि त्याच्या वरचा-खालचा काळा गाळ वेगळा तपासायला द्या. पट्ट्यातली चिमूटभर माती जवळच्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली 400 पट मोठी करून बघा. राखेत काचेसारखे गोल गोळे दिसतात, मातीचे कण वेडेवाकडे असतात. राख ओळखायची इतकी स्वस्त परीक्षा दुसरी नाही.

पाणी वेगळं घ्यायचं. आधी 0.45 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळणीतून गाळायचं, मगच त्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच 2 च्या खाली आणायचा. आम्ल आधी घातलं तर तरंगणाऱ्या गाळातलं द्रव्य पाण्यात उतरतं आणि पाणी आहे त्यापेक्षा दूषित दिसतं. आम्लच घातलं नाही तर काही द्रव्य बाटलीच्या भिंतीला चिकटून राहतं. हे काम प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच करून घ्या. ट्रिटियमसाठीचं पाणी मात्र आम्ल न घालता, बाटली काठोकाठ भरून द्यायचं.

गमबूट आणि हातमोजे घाला. गाळाच्या किरणोत्साराची भीती नाही. दलदल, साप आणि सांडपाण्यातले रोगजंतू यांची आहे. नमुना घेताना सरपंच किंवा ग्रामसेवक हजर असतील तर जागेवरच पंचनामा करा आणि पिशव्यांच्या गाठींवर सह्यांच्या चिठ्ठ्या चिकटवा. पुढं वाद झाला तर हाच कागद कामी येतो.

वाळवणं आणि बंद करणं

गाळ 105 अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात, साधारण एक दिवस. अंगणात ताडपत्रीवर वाळवू नका. शेजारच्या नमुन्याची आणि रस्त्याची धूळ त्यात बसते. वाळल्यावर 2 मिलिमीटरच्या चाळणीनं खडे आणि मुळं काढायची. सहाही नमुने सारख्याच जाळीनं चाळलेले हवेत. एक रेताड आणि एक चिकण असेल तर तुलना मोडते. शक्य असेल तर 63 मायक्रॉनखालचा बारीक भाग वेगळा मोजून घ्या.

मग तो डब्यात भरून हवाबंद करून 4 आठवडे ठेवायचा. ही पायरी घाईत गाळली जाते आणि रेडियमचा आकडा चुकतो. रेडियम-226 मोजतात ते त्याच्या पुढच्या पिढीतल्या बिस्मथ-214 च्या गॅमा किरणांवरून, म्हणजे मोजणीच्या आलेखातल्या 609 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या रेषेवरून. मधे रेडॉन वायू असतो, त्याचं अर्धायुष्य (निम्मं विघटन व्हायला लागणारा काळ) 3.82 दिवस. डबा उघडा राहिला तर रेडॉन उडून जातो. बंद डब्यात 28 दिवसांत रेडियम आणि रेडॉन यांचा समतोल 99 टक्क्यांच्या पुढे जातो.

मोजणी जर्मेनियम शोधकावर (जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखवणारं गॅमा मोजणीचं यंत्र) झाली पाहिजे, हे पैसे भरण्याआधी विचारा. सोडियम आयोडाइडच्या यंत्राला 609 ची रेषा आणि सीझियमची 662 ची रेषा नीट वेगळ्या दिसत नाहीत. राखेत रेडियम जास्त असलं की असलं यंत्र नसलेलं सीझियम दाखवू शकतं, आणि गावात अणुगळतीची आवई उठते. स्ट्रॉन्शियम-90 गॅमा किरण देत नाही, त्याला वेगळी रासायनिक तपासणी लागते. राखेच्या नाल्यात तिची गरज नाही.

अहवाल वाचताना

आकड्यापुढचा अधिक-उणे आधी बघा. समजा वरचा गाळ 28 ± 3 आणि खालचा 35 ± 4 बेक्रेल प्रति किलो. फरक 7. दोन्ही त्रुटींच्या वर्गांची बेरीज 25, तिचं वर्गमूळ 5, त्याची दुप्पट 10. फरक 10 च्या आत आहे, म्हणजे वाढ सिद्ध झाली नाही. खालचा 61 ± 5 असता तर फरक 33 आणि मर्यादा 12 च्या आत. ती वाढ खरी. शोधमर्यादेपेक्षा (यंत्राला ओळखता येणारं किमान प्रमाण) कमी असा शेरा असेल तर तो शून्य समजू नका, मर्यादेचा आकडा मागून घ्या.

अंदाजासाठी, जगातल्या मातीत युरेनियम-238 आणि थोरियम-232 सरासरी किलोमागे 30 ते 45 बेक्रेल, पोटॅशियम-40 सुमारे 400. सीझियमचे एक-दोन बेक्रेल आले तर दचकू नका. हवेतल्या अणुबॉम्ब चाचण्यांचं, मुख्यतः 1963 पूर्वीच्या, सीझियम जगभरच्या वरच्या मातीत आहे. नुसता पोटॅशियम वाढला असेल तर शेजारच्या संत्र्याच्या बागेत किंवा कपाशीला म्युरेट ऑफ पोटॅश पडलं का, ते कास्तकाराला विचारा. त्या खताच्या एका किलोत सुमारे 16,000 बेक्रेल पोटॅशियम-40 असतो.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 10500 ची मर्यादा लिटरमागे एकूण अल्फा किरणोत्सार 0.1 आणि एकूण बीटा किरणोत्सार 1 बेक्रेल आहे. युरेनियमसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 30 मायक्रोग्रॅम. गाळाच्या विटा पाडायच्या असतील तर रेडियम + 1.43 × थोरियम + 0.077 × पोटॅशियम ही बेरीज (सगळे आकडे बेक्रेल प्रति किलोमध्ये) 370 च्या आत हवी. वावरात टाकायचा असेल तर या बेरजेवर थांबू नका. त्याच नमुन्यातून आर्सेनिक, बोरॉन, फ्लोराइड आणि पारा तपासून घ्या. राखेच्या गाळात किरणोत्साराआधी यांचीच काळजी करावी लागते.

दर नमुन्याचा अर्धा भाग वाळवून, सीलबंद करून ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. युरेनियम-थोरियम वर्षा-दोन वर्षांत कमी होत नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच गाळ पुन्हा मोजता येतो. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच अक्षांश-रेखांशांवर, त्याच जाळीनं चाळून, पुन्हा फेरी करा.