सोलापूर आणि परदेशातलं ऑफिस: दोन्हीकडे एकच कंपोनंट रुळवायचा तर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल निर्यातदार घ्या. ऑर्डर परदेशातल्या ऑफिसात नोंदवली जाते, माल इथे विणला जातो, आणि त्याच हिशेबांचा कोड दोन्हीकडच्या सॉफ्टवेअर टीम वेगवेगळा लिहीत बसतात. सॉफ्टवेअरचे सुटे भाग, म्हणजे कंपोनंट, एकदाच बनवून सगळीकडे वापरावेत, हे संगणकशास्त्रज्ञ डग्लस मॅक्इलरॉय यांनी १९६८ सालीच मांडलं होतं. घोडं अडतं ते दुसऱ्याचा कोड विश्वासाने वापरण्यात.

अख्ख्या ईआरपीला, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, हात घालू नका. दोन्ही टीमना आजच लागतो आणि ज्याचे नियम सहसा बदलत नाहीत, असा एकच भाग उचला. जीएसटी नको, परदेशातल्या टीमला त्याचं काय? टॉवेलचं वजन काढणारा भाग चालेल. ७० × १४० सेंमी, ५०० जीएसएम (दर चौरस मीटरला ५०० ग्रॅम) म्हणजे ४९० ग्रॅम.

आता एकक. नुसते आकडे घेणारा कंपोनंट हमखास फसतो. परदेशातून ३० × ६० इंच आले आणि कोडने ते सेंमी धरले, तर साधारण ५८० ग्रॅमचा टॉवेल ९० ग्रॅमचा होतो. एरर येत नाही. थेट पॅकिंग लिस्ट चुकते. म्हणून एकक सक्तीचं ठेवा, नसेल तर इनपुट नाकारा, आणि हेच उदाहरण टेस्टमध्ये घाला. तारखेचंही तसंच: रात्रपाळीत पहाटे साडेपाचच्या आधी केलेली नोंद यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशी पडते. वेळेसोबत टाइमझोन साठवा.

मालक ठरवा. ‘सगळ्यांचा’ कंपोनंट कुणीच दुरुस्त करत नाही. एक जबाबदार माणूस, एक बदली माणूस, आणि बग कळवल्यावर किती वेळात उत्तर मिळेल ते लेखी. हे नसेल तर समोरची टीम कोड कॉपी करून आपली वेगळी आवृत्ती काढते, आणि त्या टीमला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

बाहेरचे कंपोनंट घेताना लायसन्स आधी वाचा. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर लायसन्सचा भाग जोडून सॉफ्टवेअर ग्राहकाला दिलं, तर सोर्स कोडही द्यावा लागू शकतो. आवृत्ती लॉक फाइलमध्ये (नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) पक्की करा आणि प्रत स्वतःच्या रजिस्ट्रीत, म्हणजे कंपोनंटच्या साठ्यात, ठेवा. २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा अकरा ओळींचा भाग एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक रजिस्ट्रीवरून काढला गेला आणि जगभरचे बिल्ड कोसळले.

इंटरफेस, म्हणजे कंपोनंटशी माहिती देण्याघेण्याची ठरलेली पद्धत, मोडणारा बदल केलात तर आवृत्तीचा पहिला आकडा वाढवा. जुनी आवृत्ती कधी बंद होणार ते आधी जाहीर करा. ती तारीख कंटेनर भरायच्या आठवड्यात मात्र नको.