जुन्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतींची डागडुजी : सिमेंटऐवजी चुना

पुणे, वाई, सातारा, नाशिक या भागांतील जुन्या वाड्यांची बाहेरची बाजू साधारणपणे तीन गोष्टींची बनलेली असते : काळ्या पाषाणाचे जोते, त्यावर भाजक्या विटांची चुन्यातील भिंत आणि सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ साली इंग्लंडमध्ये घेतले गेले, म्हणजे पेशवाई संपून सहा वर्षे झाल्यावर. त्यामुळे पेशवेकालीन भिंतीत सिमेंट दिसले, तर ते नंतरच्या दुरुस्तीतच आलेले असते आणि पुष्कळदा तीच दुरुस्ती भिंतीच्या दुखण्याचे मूळ ठरते. चुना मऊ आणि सच्छिद्र असल्याने जमिनीतून चढलेली ओल दरजांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांमधून, बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद झाली, की ओल विटेतून बाहेर पडू लागते, तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साठतात, भिंतीला लोणा लागतो आणि वीट पापुद्र्यांनी झडू लागते. म्हणून दरजांत भरायचा नवा माल (चुना-वाळूचे मिश्रण) विटेपेक्षा नेहमी मऊच असावा.

काम सुरू करण्यापूर्वी वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, हे पाहून आवश्यक ती परवानगी घ्यावी. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत, उदाहरणार्थ शनिवारवाड्याच्या परिसरात, दुरुस्तीसाठीही स्वतंत्र परवानगी लागते.

भिंतीला हात लावण्याआधी पाण्याचा बंदोबस्त करावा. फुटलेली कौले, तुंबलेली पन्हळ, जोत्यालगत साचणारे पागोळ्यांचे पाणी आणि अंगणात वाढत गेलेली फरशीची पातळी ही कारणे तशीच राहिली, तर उत्तम गिलावाही दोन पावसाळ्यांत फुगतो. भिंतीवर आलेले पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावेत. ते पाण्याने धुतल्यास पुन्हा विटेतच मुरतात.

दरजा भरण्याचे काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात करावे. प्रथम जुन्या मालाचा एखादा सुटा तुकडा पेल्यात व्हिनेगर घालून एक-दोन दिवस भिजू द्यावा. चुना बुडबुडे येत विरघळतो आणि तळाशी वाळू उरते. तिचे कण, रंग आणि त्यात मिसळलेले सुरखीचे (भाजक्या विटांच्या भुकटीचे) तांबडे कण भिंगातून पाहिले, की नवी वाळू कशी निवडायची ते कळते. खाडीची खारट वाळू मात्र वापरू नये.

खिळखिळा झालेला मालच काढावा, आणि तोही छिन्नी-हातोडीने, दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोलीपर्यंत. ग्राइंडर चालवू नये, कारण त्याने विटेच्या कडा कापल्या जातात आणि ते नुकसान भरून येत नाही. पूर्वी भरलेले सिमेंट काढताना विटाच फुटू लागल्या, तर ते आपोआप सैल होईपर्यंत तसेच ठेवणे शहाणपणाचे.

माल एक भाग विरवलेला चुना आणि दोन ते तीन भाग वाळू असा असावा, ओलसर जोत्याजवळ वाळूचा काही भाग सुरखीने बदलावा. चुना घरी विरवायचा असल्यास कळ्या (भाजलेल्या चुन्याचे कोरडे खडे) पाण्यात सोडाव्यात, कळ्यांवर पाणी ओतू नये, आणि डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे असावेत, कारण उसळणारा चुना भाजतो. जुने गवंडी मालात गूळ आणि बेलफळाचा गर घालत. ज्याला त्याचे प्रमाण हाताने माहीत आहे, अशा कारागिराशिवाय तो प्रयोग करू नये.

दरज झाडून ओली करावी, पण पाणी साचू देऊ नये. माल पातळ थापीने आतून बाहेर दाबत भरावा आणि खोल दरज थराथरांनी भरावी. बोटाने दाबल्यावर ठसा उमटत नाही पण नखाने चरा उठतो, अशा वेळी कडक ब्रशने ठोकून पृष्ठभाग विटेच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवावा. नंतर ओल्या गोणपाटाने झाकून आठवडाभर ओलावा राखावा, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू पुन्हा दगड बनतो आणि घाईने वाळलेला चुना भुसभुशीत राहतो. रंगासाठी चुन्याची सफेदीच द्यावी, प्लॅस्टिक रंग आणि जलरोधक लेप दोन्ही टाळावेत.

लाकडाच्या बाबतीत थोडक्यात : सागवानी खांब बहुधा पायथ्याशी कुजतो. विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागासारखे कोरीव सुरूदार (सुरूच्या झाडाच्या घाटाचे) खांब असतील, तर संपूर्ण खांब बदलण्याची घाई करू नये. आधी तुळईला धिरा (तात्पुरता टेकू) देऊन भार घ्यावा, मग कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून त्याच दिशेच्या रेषांच्या जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवावा. पायथ्याभोवती सिमेंट ओतल्यास लाकूड आतून पुन्हा कुजते. पृष्ठभागाला जवसाचे तेल पातळ हाताने लावावे. तेल लावलेल्या कापडाचे बोळे कोपऱ्यात साठवू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून पाण्यात भिजवूनच टाकावेत.