गावाकडे नेट वापरायला टॅब घेताना

आधी एकच ठरवा: सिमचा टॅब की नुसता वायफायचा? घरी ब्रॉडबँड असेल तर वायफायचा पुरतो, पैसेही वाचतात. शेतात, एसटीत नेट लागणार असेल तर सिमचाच घ्या. नुसत्या वायफायच्या टॅबला मोबाईलचं हॉटस्पॉट देता येतं, पण मोबाईलची बॅटरी भराभर उतरते.

सिमच्या टॅबात बॅंड ५ (बॅंड म्हणजे मोबाईल नेटच्या लहरींचा पट्टा), म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ आहे का, ते खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर बघा. ही कमी वारंवारता लांब जाते, माळवदाच्या जाड भिंतीतूनही त्यातल्या त्यात बरी शिरते. बॅंड ४० ची वारंवारता जास्त, त्याला वेग चांगला, पण भिंतीपाशी दम तुटतो. घ्यायच्या आधी गावात कुठलं सिम चालतं ते तपासा: अँड्रॉइड मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'सिम स्टेटस'मध्ये सिग्नलचा आकडा दिसतो. उणे ९० च्या आसपास उत्तम. उणे ११० च्या खाली गेला की पान फिरतच बसतं.

रॅम ४ जीबीपेक्षा कमी नको, नाहीतर ब्राउझरमध्ये दुसरं पान उघडलं की पहिलं पान पुन्हा लोड होतं. वायफाय ड्युअल बॅंड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही चालणारं हवं. आणि लातूर-बीडच्या उन्हाळ्यात टॅब उन्हात ठेवून चार्ज करू नका. तापला की चार्जिंग थांबतं, स्क्रीन मंद होते.